आकडीनंतर मुलाच्या रक्ताचा रिपोर्ट कसा वाचायचा

मुलाला आकडी येऊन गेली की एक-दोन दिवसांत आई किंवा बाबा रिपोर्टांची चळत घेऊन आमच्या खिडकीशी येतात आणि विचारतात, ‘‘मॅडम, यात फिट्सचा आजार आहे की नाही ते कुठं लिहिलंय?’’ कुठंच लिहिलेलं नसतं. मी मुलांच्या रुग्णालयात जीवरसायनाची प्रयोगशाळा सांभाळते. सुई टोचण्यापासून रिपोर्टवर सही करण्यापर्यंत सगळं केलंय. ‘एपिलेप्सी आहे’ असा शिक्का मारणारी रक्तचाचणी आजच्या घडीला नाही. निदान होतं ते आकडी पाहणाऱ्याच्या वर्णनावरून, मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओवरून आणि ईईजीवरून, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावरून. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संघटनेच्या २०१४ च्या व्याख्येत रक्ताचा उल्लेखसुद्धा नाही. ताप, साखर उतरणं असं तात्कालिक कारण नसताना, किमान २४ तासांच्या अंतराने आलेल्या दोन आकड्या. किंवा एकच आकडी, पण पुढच्या दहा वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता ६० टक्के किंवा त्याहून जास्त. किंवा ओळखीचा एखादा एपिलेप्सी सिंड्रोम, म्हणजे ठरावीक लक्षणांचा एपिलेप्सीचा प्रकार. एवढंच.

मग इतक्या ट्यूब भरून रक्त नेतात कशाला? तीन वेगवेगळ्या प्रश्नांसाठी. ही आकडी आत्ता कशामुळे आली? जे झालं ती खरंच आकडी होती का? आणि आकड्या परत परत येत असतील तर मुळाशी काही सापडतंय का, विशेषतः औषधाने सुधारण्यासारखं? रिपोर्ट हातात आला की पहिलं काम हे करा: प्रत्येक चाचणीपुढे पेन्सिलीने लिहा, ही या तिनांपैकी कुठल्या प्रश्नासाठी केली. एखादीपुढे काहीच लिहिता येत नसेल तर डॉक्टरांना विचारा. विचारायला लाजायचं कारण नाही. कधी कधी ती चाचणी पॅकेजमध्ये होती म्हणून झालेली असते.

आधी वेळा लिहा

आकडीनंतरच्या रक्ताचा अर्थ घड्याळाशिवाय लागत नाही. एका कागदावर चार गोष्टी टिपा: आकडी कधी सुरू झाली, कधी थांबली, मूल शेवटचं काय आणि केव्हा खाल्लं-प्यायलं, आणि रक्त किती वाजता काढलं. चालू औषधंही लिहा, उलटीचं औषधसुद्धा. का, ते पुढे येईल. रक्त काढल्याची वेळ आणि रिपोर्टवर छापलेली वेळ यांत गल्लत करू नका. पुष्कळ रिपोर्टांवर नमुना प्रयोगशाळेत पोचल्याची वेळ असते आणि ती तासाभराने मागे-पुढे असू शकते.

हे सगळं आकडी थांबल्यावर. आकडी चालू असताना मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीची मदत बोलवा. रक्त कुठं पळून जात नाही.

ही आकडी कशामुळे आली?

इथे पहिला मान साखरेचा. मूल आकडीतच दवाखान्यात आलं तर बोटातून किंवा टाचेतून थेंब घेऊन ग्लुकोमीटरवर साखर बघतात, कारण ती उतरली असेल तर शिरेतून ग्लुकोज देऊन आकडी तिथल्या तिथे थांबू शकते. त्यानंतर सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम. सहा महिन्यांखालच्या बाळात मी सोडियमचा आकडा सगळ्यात आधी बघते. पावडरच्या दुधात प्रमाणाबाहेर पाणी घातलं गेलं असेल तर सोडियम इतकं खाली येतं की आकडी येते. तान्ह्या बाळाचं कॅल्शियम कमी दिसलं तर त्यामागे अनेकदा ड जीवनसत्त्वाची कमतरता निघते, म्हणून सोबत तेही मोजतात.

हे आकडे बिघडलेले सापडले आणि दुरुस्त केल्यावर आकडी पुन्हा आली नाही, तर ती एपिलेप्सी धरत नाहीत. म्हणजे या गटातला बिघडलेला रिपोर्ट पुष्कळदा चांगली बातमी असतो.

दर वेळी हे सगळं करायला हवंच असंही नाही. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाला तापात आलेली, पूर्ण अंगाची, १५ मिनिटांच्या आत थांबलेली आणि २४ तासांत एकदाच आलेली आकडी ही साधी तापाची आकडी. अशा वेळी नेहमीच्या रक्तचाचण्या सरसकट करू नयेत, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०११ मध्ये स्पष्ट लिहिलंय. ताप कशाचा आहे ते शोधायला रक्त लागलं तर ती गोष्ट वेगळी.

खरंच आकडी होती का?

मूल अचानक कोसळलं, हातपाय झटकले, दोन मिनिटांत शुद्धीवर आलं. ही आकडी, की चक्कर येऊन पडलं, की मनावरच्या ताणातून आलेला झटका? दिसायला तिन्ही सारखी असू शकतात आणि बघणारा घाबरलेला असतो. या प्रश्नाला तीन जुन्या चाचण्या थोडंफार उत्तर देतात, पण तिघींचं घड्याळ वेगवेगळं आहे.

प्रोलॅक्टिन हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतलं संप्रेरक. मोठ्या आकडीत मेंदूतली विद्युत खळबळ हायपोथॅलॅमसपर्यंत, म्हणजे या ग्रंथीवर ताबा ठेवणाऱ्या भागापर्यंत पोचते आणि प्रोलॅक्टिनवरचा लगाम सुटतो. आकडीनंतर १० ते २० मिनिटांत ते शिखरावर असतं आणि काही तासांत मूळ पातळीवर येतं. म्हणून तीन तासांनी काढलेल्या रक्तातलं ‘नॉर्मल’ प्रोलॅक्टिन वाचूच नका. एकटा आकडाही वाचू नका. दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास, आकडीपासून किमान सहा तास लांब, पुन्हा नमुना घ्यायचा आणि पहिला आकडा त्याच्या दुप्पट किंवा जास्त आहे का ते बघायचं. त्याच सुमारास का, तर प्रोलॅक्टिन झोपेत आपोआप चढतं. उलटीवरची डॉमपेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड आणि काही मानसिक आजारांवरची औषधंही ते चढवतात. नवजात बाळात ते मुळातच खूप जास्त असतं, तिथे ही चाचणी विसरा.

अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २००५ मध्ये या चाचणीचा आढावा घेतला. मोठ्या, सर्वांगाच्या आकडीनंतर साधारण ६० टक्के रुग्णांत प्रोलॅक्टिन चढलेलं सापडतं, आणि मानसिक ताणाच्या झटक्यांत ते न चढण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांच्या आसपास. याचा हिशेब करून बघा. समजा ५० जणांना खरी आकडी आली आणि ५० जणांना ताणाचा झटका. पहिल्या ५० पैकी ३० जणांत प्रोलॅक्टिन चढेल, दुसऱ्या ५० पैकी दोघांत. चढलेलं दिसलं तर ते आकडीच्या बाजूने चांगलं वजन. पण न चढलेल्यांत खऱ्या आकडीचे वीस जण बसलेत! ‘प्रोलॅक्टिन नॉर्मल आहे, म्हणजे पोरगं नाटक करतंय’ हे वाक्य मी मोठमोठ्यांच्या तोंडून ऐकलंय आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते. शिवाय साध्या चक्कर येऊन पडण्यातही प्रोलॅक्टिन चढू शकतं, त्यामुळे आकडी की चक्कर हा निवाडा त्याच्या हाती देता येत नाही.

लॅक्टेट हे दमलेल्या स्नायूंचं. सर्वांगाच्या आकडीत सगळे स्नायू एकदम आवळले जातात, ऑक्सिजन कमी पडतो आणि लॅक्टेट काही मिनिटांत उसळतं. एक-दोन तासांत ते ओसरतं, म्हणजे मूल घरून निघून वाहतुकीतून पोचेपर्यंत बहुतेक वेळा गाडी सुटलेली असते. सीके, म्हणजे क्रिएटिन कायनेज, उलट्या स्वभावाचं. आकडीनंतर लगेच ते नॉर्मल असतं, तासांनी चढू लागतं आणि एक ते तीन दिवसांत वर दिसतं. दंडात किंवा मांडीत इंजेक्शन दिलं असेल, मूल जोरात आपटलं असेल, तरी चढतं.

तिन्ही एकत्र कशी वाचायची ते बघा. आमच्याकडे एका नऊ वर्षांच्या मुलीला बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावरच आकडी आली: चार वाजून दहा मिनिटांनी सुरू, चार तेराला थांबली. रक्त चार बत्तीसला. प्रोलॅक्टिन ४८ नॅनोग्रॅम प्रति मिलि, लॅक्टेट ८.१ मिलिमोल प्रति लिटर, सीके १४०. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास: प्रोलॅक्टिन ९, लॅक्टेट १.४, सीके ६१०. प्रोलॅक्टिन दुपटीच्या कितीतरी वर होतं आणि खाली आलं. लॅक्टेट चढून उतरलं. सीके उशिरा, पण ठरल्या वेळी चढलं. तिन्ही आपापल्या वेळा पाळताहेत. चक्कर येऊन पडलेल्या मुलीचं लॅक्टेट सहसा इतकं चढत नाही आणि सीके तर हलतही नाही. म्हणजे ही सर्वांगाची आकडी असावी, इथपर्यंत रक्ताने सांगितलं. एपिलेप्सी आहे का, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. ते पुढे ईईजीचं काम.

याच मुलीचं रक्त फक्त रात्री दहाला काढलं असतं तर प्रोलॅक्टिन आणि लॅक्टेट दोन्ही नॉर्मल आली असती.

मूल क्षणभर टक लावून बघतं आणि परत भानावर येतं, अशा ॲबसेन्स आकड्यांत यातलं काही चढत नाही. आणि काही महिन्यांचं बाळ झोपेतून उठताना एकामागून एक दचकल्यासारखं वाकत असेल, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका. ते इन्फंटाइल स्पॅझम्स असू शकतात. तिथे ईईजी लगेच हवा, उशीर बाळाला महागात पडतो.

नमुनाच बिघडलेला असेल तर

रिपोर्टातला विचित्र आकडा दिसला की मी आधी आजार शोधत नाही, नमुना शोधते. आकडीतून नुकत्याच बाहेर आलेल्या मुलाचं रक्त काढणं म्हणजे दोघांनी धरायचं, मुठी आवळलेल्या, शीर सापडत नाही, दंडाला पट्टा बांधून दोन-तीन मिनिटं झालेली. एवढ्यानेच लॅक्टेट वर जातं. बारीक सुईतून रक्त जोरात ओढलं की लाल पेशी फुटतात आणि सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर पिवळसर सीरमऐवजी (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव) गुलाबी सीरम दिसतं. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर पोटॅशियमवर विश्वास ठेवू नका.

आणखी एक गंमत, जी मुलांच्या बाबतीत फार फसवते. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये पोटॅशियम ईडीटीए असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. रक्त कमी पडलं म्हणून कुणी जांभळ्या ट्यूबमधलं थोडं सीरमच्या ट्यूबमध्ये ओतलं, तर पोटॅशियम आकाशाला भिडतं आणि कॅल्शियम जमिनीला टेकतं. आकडी आलेल्या मुलाचा कमी कॅल्शियमचा रिपोर्ट! सगळे खूश, कारण सापडलं. पोटॅशियम प्रचंड आणि कॅल्शियम अतिकमी अशी जोडी, पण मॉनिटरवर मुलाचं हृदय शांत चाललंय, तर नमुना पुन्हा मागा. तसंच, ज्या हातात ग्लुकोजचं सलाइन चालू आहे त्याच हातातून रक्त काढलं तर साखर भरमसाट आणि सोडियम कमी येतं.

अमोनियाचा नमुना बर्फात ठेवून धावत आणावा लागतो. तो टेबलावर पडून राहिला तर ट्यूबमध्येच अमोनिया वाढत जातो. मोठ्या आकडीनंतर तो थोडा वेळ चढतो, व्हॅल्प्रोएट हे आकडीवरचं औषध चालू असेल तरी चढलेला राहू शकतो. म्हणून चढलेला अमोनिया दिसला की आकडीला काही तास उलटल्यावर, नीट घेतलेल्या नमुन्यावर तो पुन्हा करून घ्यायचा. तरीही चढलेलाच असेल तर मात्र चयापचयाच्या आजाराचा शोध थांबवायचा नाही.

मेंदूतून रक्तात येणारी नवी प्रथिनं

एनएसई, एस१००बी, जीएफएपी, न्यूरोफिलामेंट लाइट चेन ही नावं आता पालकांच्याही वाचनात येतात. मेंदूतल्या पेशींना इजा झाली की ही प्रथिनं रक्तात उतरतात. सोबत इंटरल्यूकिन-६, एचएमजीबी१ यांसारखे दाहाचे संकेत आणि मायक्रोआरएनए यांवरही संशोधन जोरात आहे. मला यात रस आहे, पण मुलाचं निदान यावर ठरवण्याइतका भरवसा अजून नाही. एनएसई लाल पेशींमध्येही असतं, म्हणजे वर सांगितलेलं गुलाबी सीरम आलं की तो आकडा गेलाच. एस१००बी चरबीच्या पेशींतही असतं आणि लहान बाळांत मुळात जास्त असतं. मोठ्या माणसांची रेंज लावली तर निम्मी तान्ही बाळं आजारी ठरतील.

असा एखादा दावा वाचनात आला तर एकच गोष्ट शोधा: आकडी आलेल्या मुलांची तुलना कुणाशी केली? ठणठणीत, खेळणाऱ्या मुलांशी केली असेल तर फरक सापडणारच, त्याचा दवाखान्यात उपयोग नाही. दवाखान्यात ठणठणीत मूल येत नाही. येतं ते तापलेलं, चक्कर येऊन पडलेलं, डोक्याला मार लागलेलं. त्यांच्यापासून आकडीचं मूल वेगळं काढता येतं का, हा खरा प्रश्न.

औषधाने सुधारण्यासारखी कारणं

मला या कामात सगळ्यात जास्त समाधान इथे मिळतं. आजार दुर्मीळ आहेत, पण सापडला तर उपचार थेट मुळावर होतो.

नवजात बाळाच्या आकड्या नेहमीच्या औषधांना दाद देत नसतील तर बी६ जीवनसत्त्वावर अवलंबून असलेली एपिलेप्सी आठवायची. तिचं पहिलं वर्णन १९५४ चं, आणि बहुतेक रुग्णांत दोष असलेलं एएलडीएच७ए१ हे जनुक २००६ मध्ये सापडलं. रक्तात किंवा लघवीत अल्फा-एएएसए हा पदार्थ वाढलेला सापडतो. बी६ सुरू केल्यावरही तो वाढलेलाच राहतो, म्हणून चाचणीसाठी औषध अडवून ठेवायची गरज नाही. पहिला डोस मात्र रुग्णालयातच, कारण क्वचित बाळाचा श्वास मंदावतो.

बायोटिनिडेज या एन्झाइमची कमतरता सीरममध्ये मोजता येते. आकड्यांसोबत अंगावर पुरळ आणि केस गळणं असेल तर ही चाचणी आधी. उपचार म्हणजे बायोटिन हे जीवनसत्त्व रोज, आयुष्यभर. मुलग्याचे केस राठ, पिळवटलेले आणि तुटके असतील तर तांबं आणि सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातलं तांबं धरून ठेवणारं प्रथिन) बघतात. दोन्ही कमी आली तर मेन्केस आजाराचा, म्हणजे शरीराला तांबं नीट न मिळण्याच्या जन्मजात आजाराचा संशय. पहिल्या काही आठवड्यांत मात्र निरोगी बाळातही ती कमीच असतात, तेव्हा वयाची रेंज बघूनच वाचा.

ग्लुट१ ची कमतरता थोडी फसवी. रक्तातली साखर नॉर्मल असते, पण ती मेंदूत नेणारं प्रथिन कमी असतं. म्हणून रक्त आणि पाठीच्या कण्यातलं पाणी यांतली साखर एकत्र बघावी लागते. मूल चार ते सहा तास उपाशी हवं आणि रक्त कण्यातलं पाणी काढण्याच्या आधी घ्यायला हवं, कारण सुईच्या धास्तीने रक्तातली साखर चढते आणि गुणोत्तर बिघडतं. रक्त आधी घेतलं का, हे त्या खोलीत उभं राहून विचारा. सापडलं तर उपचार किटोजेनिक आहाराचा, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय पदार्थांचा. लाल पेशींवरचं हेच प्रथिन मोजणारी रक्तचाचणीही आता निघाली आहे.

जनुकांचा रिपोर्ट

जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं थोडं रक्त, उपवास नको, घड्याळ नको. वाचायला मात्र हा सगळ्यात अवघड. वर्षाच्या आतच तापात लांबलेल्या, कधी शरीराच्या एकाच बाजूच्या आकड्या येत असतील तर ड्रावे सिंड्रोम या तान्हेपणी सुरू होणाऱ्या एपिलेप्सीसाठी एससीएन१ए हे जनुक बघतात. ड्रावेच्या बहुसंख्य मुलांत त्यात बदल सापडतो, आणि तो सापडला की औषधांची निवडच बदलते: कार्बामॅझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन यांसारखी औषधं या मुलांच्या आकड्या वाढवू शकतात. मूल ही औषधं घेत असेल तर रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. स्वतःहून बंद करू नका.

रिपोर्टात ‘व्हीयूएस’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ, बदल दिसला पण तो आजाराचा की निरुपद्रवी, हे आज ठरवता येत नाही. त्याला निदान म्हणू नका आणि त्यावरून औषध बदलू देऊ नका. पुढची पायरी म्हणजे आई-वडिलांचं रक्त तपासणं. तोच बदल निरोगी आई किंवा बाबांमध्ये असेल तर त्याचं वजन घटतं. दोघांतही नसेल, मुलात नव्याने आलेला असेल, तर वाढतं. आणि प्रयोगशाळेकडून कच्ची डेटा फाइल मागून घ्या. नवी जनुकं दर वर्षी यादीत भरत असतात, त्यामुळे आज काही न सापडलेली फाइल एक-दोन वर्षांनी पुन्हा वाचून घेता येते, आणि त्यासाठी मुलाला परत टोचावं लागत नाही.